घाण वासाचे ढेकूण : घर आणि बागेसाठी नैसर्गिक उपाय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनची काढणी सुरू झाली, की कोल्हापुरात, विशेषतः कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, कसबा बावडा अशा शेताला लागून असलेल्या भागांत, संध्याकाळी ट्यूबलाइटवर टक् टक् आवाज करत हिरवे-तपकिरी किडे आपटू लागतात. एखादा पडद्यावर बसतो, एखादा दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या घडीतून आत येतो, आणि चुकून हाताखाली आला तर त्याचा वास बोटांवरून लवकर जात नाही. गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांना हेच किडे टोमॅटो, वरणा, चवळी आणि भेंडीवर भेटतात. त्यांच्याविषयी सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः अनेक वर्षे गच्चीवर भाज्या घेतो, त्यामुळे जे करून पाहिले आहे ते तसे सांगितले आहे आणि ज्या उपायाचा गाजावाजा अधिक व गुण कमी आहे, त्याविषयीही स्पष्ट लिहिले आहे.

हा ढेकूण नेमका कोणता? गादीतल्या ढेकणाशी त्याचे काही नाते आहे का?

नावामुळे सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. घरात "ढेकूण झालेत" असे म्हटले, की लोक गाद्या उन्हात टाकायला निघतात. गादीतला ढेकूण माणसाचे रक्त पितो. त्याला पंख नसतात आणि तो उडत नाही. आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत तो झाडांचा रस शोषणारा, पाठीवर ढालीसारखा त्रिकोण असलेला, चांगला उडणारा कीटक आहे. दोघांचे तोंड सुईसारख्या सोंडेचे असते आणि दोघे कीटकांच्या एकाच गणात मोडतात. त्यापलीकडे संबंध नाही. या लेखात "वासाचा ढेकूण" म्हटले आहे ते या दुसऱ्याला.

आपल्याकडे सर्वाधिक दिसतो तो हिरवा ढेकूण, शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला. त्याची लांबी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते आणि रंग पोपटी हिरवा असतो. सोयाबीन, तूर, चवळी, टोमॅटो, मिरची, एरंड अशा कितीतरी झाडांवर तो जगतो. कोबी, मुळा आणि मोहरीवर काळ्या अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेला लहान रंगीत ढेकूण येतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा या भागांत भाताच्या लोंब्यांत दूध भरताना येणारा लांबट, काटकुळा ढेकण्या हा याच्या कुटुंबातला नसला, तरी त्यालाही तसाच उग्र वास असतो आणि तोही रात्री दिव्यावर येतो. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली जमणारे छोटे काळे, चकचकीत किडे पुष्कळदा मातीत राहणारे ढेकूण असतात. ते काही दिवसांत आपोआप कमी होतात आणि त्यांच्यासाठी फार खटपट करण्याचे कारण नाही.

वास कुठून येतो?

प्रौढ ढेकणाच्या छातीच्या खालच्या बाजूला, मधल्या व मागच्या पायांच्या जवळ, गंधग्रंथींची छिद्रे असतात. पिल्लांच्या ग्रंथी मात्र पोटाच्या पाठीकडच्या बाजूस असतात. धोका जाणवला की त्यातून अल्डिहाइड वर्गातील रसायनांचा द्रव बाहेर पडतो. या रसायनांपैकी काही कोथिंबिरीच्या पानातही असतात, आणि म्हणूनच अनेकांना ढेकणाचा वास "सडक्या कोथिंबिरीसारखा" वाटतो. ही केवळ उपमा नाही, दोन्हींतला रासायनिक सारखेपणा खरा आहे. पक्षी, पाली आणि मुंग्या यांना दूर ठेवण्यासाठी हा वास असतो. म्हणजे ढेकूण आपल्यावर हल्ला करत नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. त्याला न चेंगरता, न घाबरवता हाताळले तर बहुतेक वेळा वास येतच नाही, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया हाच आहे.

तो चावतो का? लहान मुलांना किंवा पाळीव प्राण्यांना धोका आहे का?

झाडांचा रस शोषणारे वासाचे ढेकूण माणसाला चावण्यासाठी येत नाहीत आणि त्यांच्यामुळे माणसाला रोग होत नाही. त्यांचा द्रव डोळ्यांत गेला तर चुरचुरते, नाजूक त्वचेवर लालसरपणा येऊ शकतो. अशा वेळी डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत आणि हात साबणाने धुवावेत. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. मांजराने ढेकूण तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो, क्वचित उलटी होते. पाणी पाजावे, बहुधा ते पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

ते घरात का शिरतात? इंटरनेटवर वाचलेले उपाय येथे का लागू पडत नाहीत?

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला एका वेगळ्याच ढेकणाविषयी आहे. चीन, जपान, कोरिया या भागांतला एक तपकिरी ढेकूण अमेरिकेत १९९८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यातील अ‍ॅलनटाउन येथे प्रथम आढळला आणि पुढे देशभर पसरला. तिकडची थंडी कडक असल्यामुळे तो शरद ऋतूत शेकडो-हजारोंच्या संख्येने घरांच्या भिंतींत, पोटमाळ्यांवर शिरतो आणि हिवाळा झोपून काढतो. म्हणून तिकडचे लेख भिंतीतल्या फटी बुजवण्यावर आणि पोटमाळा धुंडाळण्यावर भर देतात.

कोल्हापुरात हिवाळा सौम्य असतो. येथे ढेकूण घरात येतो तो मुख्यतः दिव्याच्या ओढीने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते, त्यामागोमाग भात निघतो, आणि इतके दिवस शेतात पोसलेल्या ढेकणांचा निवारा व अन्न एकदम नाहीसे होते. ते उडून जवळच्या हिरवळीकडे आणि उजेडाकडे जातात. नेमक्या याच दिवसांत नवरात्र व दिवाळी येते, गॅलरीत आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा लागतात, दारे-खिडक्या उघड्या असतात. त्यामुळे आपल्याकडच्या उपायांची सुरुवात वासाच्या तेलापासून नव्हे, तर दिव्याच्या बटणापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मग घरात येऊ नयेत म्हणून नेमके काय करावे?

दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावाव्यात किंवा त्यांना जाळी असावी. डासांसाठी लावतात ती साधी जाळी ढेकणासाठी पुरेशी आहे. अडचण जाळीची नसते, तिच्या चौकटीची असते. सरकत्या खिडकीत दोन काचांच्या मधली उभी फट, न्हाणीघराच्या झडपेच्या पट्ट्या, एसीचा पाइप जातो ते भोक आणि दाराखालची फट, या चार जागा मी आधी तपासतो. दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी लावावी, पाइपच्या भोवती पुट्टी भरावी. जुन्या पेठांतल्या मंगलोरी कौलांच्या घरांत सर्व फटी बुजवणे शक्य नसते आणि हवेसाठी ते इष्टही नाही. तेथे निदान झोपायच्या खोलीचे छत आणि खिडकी एवढेच पाहावे.

बाहेरचा पांढरा, निळसर झाक असलेला दिवा बदलून पिवळसर एलईडी लावावा, कारण निळ्या-जांभळ्या उजेडाकडे कीटक अधिक ओढले जातात. गॅलरीतला दिवा दाराच्या डोक्यावर असेल तर दार उघडताच ढेकूण आत येणार हे ठरलेलेच. दिवा दारापासून थोडा दूर, अंगणाच्या कडेला लावून पाहावा. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने जो फरक पडला, तो आधी वापरलेल्या कोणत्याही फवाऱ्याने पडला नव्हता. संध्याकाळी उशिरापर्यंत दोरीवर राहिलेले कपडे आत आणताना झटकावेत. ढेकूण घड्यांत शिरून बसलेले असतात.

घरात आलेला ढेकूण वास न पसरवता कसा बाहेर काढावा?

एका वाटीत किंवा रुंद तोंडाच्या बरणीत अर्धा लिटर पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण घ्यावा. बरणी ढेकणाच्या बरोबर खाली धरावी आणि वरून कागदाने हलकेच स्पर्श करावा. धोका दिसला की पाय सोडून खाली पडणे ही या किड्याची सवय आहे, तिचाच येथे उपयोग होतो. साध्या पाण्यावर तो तरंगत राहतो. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि तो बुडतो. मारायचे नसेल तर कोरडी बरणी उपडी घालून खालून पोस्टकार्ड सरकवावे आणि दिवा बंद करून बाहेर सोडावे.

झाडूने झोडपू नये, चपलेने मारू नये. व्हॅक्यूम क्लीनरने ओढले तर यंत्रात वास बसतो आणि पुढे कित्येक दिवस सफाई करताना तो खोलीभर पसरतो. भिंतीवर डाग पडला असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसावा.

एक चेंगरला तर त्याच्या वासाने आणखी ढेकूण येतात, हे खरे आहे का?

नाही. चेंगरल्यावर येतो तो धोक्याचा वास असतो, आणि तो इतरांना "येथून निघा" असे सांगतो. एकत्र जमण्यासाठी ढेकूण जो गंध सोडतात तो निराळा असतो आणि आपल्या नाकाला तो जाणवतही नाही. चेंगरू नये ते एवढ्याचसाठी, की तो वास आपल्याला सोसावा लागतो.

पुदिना, लसूण, लवंग, गवती चहा, कापूर यांनी ढेकूण पळतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर ना पूर्ण होकारार्थी ना पूर्ण नकारार्थी आहे. अमेरिकेत त्या तपकिरी ढेकणावर वेगवेगळी सुगंधी तेले तपासली गेली आहेत, आणि लवंग, गवती चहा व एक प्रकारचा पुदिना यांची तेले त्याला दूर ठेवतात असे चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे कल्पना निराधार नाही. परंतु ही तेले उडून जाणारी असतात. उघड्या गॅलरीत, वाऱ्यावर, त्यांचा परिणाम काही तासांपलीकडे फारसा टिकत नाही. चाचणीत वापरले जाते ते शुद्ध तेल. आपण पातेल्यात उकळलेल्या पुदिन्याच्या पानांत त्याचा अंशही नसतो.

वापरायचेच असेल तर मर्यादित जागेसाठी वापरावे. अर्धा लिटर पाण्यात लवंगेच्या किंवा गवती चहाच्या तेलाचे १० ते १५ थेंब आणि द्रव साबणाचे काही थेंब घालावेत, कारण साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. बाटली दर वेळी हलवून खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या पट्टीवर आणि झडपेवर संध्याकाळी फवारावे. रोज फवारावे लागते. झाडांवर हे मिश्रण मारू नये, पाने करपतात. घरात मांजर असेल तर सुगंधी तेले टाळावीत. मांजराचे यकृत ती नीट पचवू शकत नाही आणि पंजे चाटताना तेल पोटात जाते.

लसणाचे पाणी मी दोन हंगाम वापरून पाहिले. पहिल्या दिवशी ढेकूण कमी दिसले, तिसऱ्या दिवशी तितकेच होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला आठवडाभर लसणाचा वास राहिला. कापराचेही तसेच, बंद कपाटात त्याचा उपयोग असेल, उघड्या खोलीत नाही. कुंड्यांमध्ये गवती चहा जरूर लावावा, कारण तो चहात घालण्यासाठी उत्तम आहे. मात्र नुसते रोप शेजारी उभे राहिल्याने ढेकूण टोमॅटोवर यायचे थांबत नाहीत. पान चुरडल्याशिवाय तेल बाहेर पडतच नाही.

डांबर गोळ्या किंवा तंबाखूचे पाणी चालेल का?

दोन्ही वापरू नयेत. डांबर गोळ्यांतील नॅप्थलिनची वाफ लहान बाळांना घातक ठरू शकते. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते आणि त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात.

तंबाखूचे पाणी हा आपल्या भागात सहज सुचणारा उपाय आहे, कारण निपाणी, कागल हा तंबाखूचा पट्टा आपल्या शेजारीच आहे आणि तंबाखूची भुकटी स्वस्तात मिळते. तरीही निकोटिन हे तीव्र विष आहे आणि ते त्वचेतून अंगात जाते. ओल्या तंबाखूची पाने हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, घाम यांचा त्रास होतो तो यामुळेच. शिवाय तंबाखूतून मोझॅक रोगाचा विषाणू टोमॅटो व मिरचीच्या रोपांवर जाऊ शकतो. "नैसर्गिक" या शब्दाचा अर्थ "निरुपद्रवी" असा नाही, हे येथे लक्षात ठेवलेच पाहिजे.

बागेत नुकसान ढेकणानेच केले आहे हे कसे ओळखावे?

ढेकूण कुरतडत नाही, टोचतो. त्यामुळे पानाला भोक दिसले तर गुन्हेगार दुसरा कोणीतरी आहे, बहुधा अळी. ढेकणाने टोचलेल्या टोमॅटोवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि त्याभोवती फिकट पिवळसर डाग दिसतो. साल सोलली तर खालचा गर पांढरा, स्पंजासारखा लागतो. चवळी, वरणा, घेवड्याच्या शेंगांत दाणे सुरकुततात किंवा एका बाजूला भरतच नाहीत. भेंडी टोचलेल्या बाजूला वाकते आणि तिच्यावर बारीक गाठी येतात. कोवळ्या दाण्यात दूध भरण्याचा काळ ढेकणाला सर्वांत प्रिय असतो, म्हणून लक्षही त्याच काळात ठेवावे.

बागेतला सर्वांत परिणामकारक नैसर्गिक उपाय कोणता?

अंडी शोधून काढणे. या उत्तराने अनेकांची निराशा होते, कारण लोकांना फवारायला काहीतरी हवे असते. पण एका पानावरची अंडी खुडली म्हणजे पुढचे पन्नास-शंभर ढेकूण एका चिमटीत संपतात.

हिरव्या ढेकणाची मादी पानाच्या खालच्या बाजूस अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात साधारण ३० ते १३० अंडी असतात. भिंगाने पाहिले तर एकेक अंडे छोट्या पिंपासारखे दिसते, वर गोल झाकण, आणि सगळी पिंपे मधमाशीच्या पोळ्यातल्या घरांसारखी ओळीने एकमेकांना चिकटवून उभी केलेली. सुरुवातीला ती मलईच्या रंगाची असतात, उबण्याच्या सुमारास गुलाबी-नारिंगी होतात. उबदार हवेत साधारण ५ ते ७ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिल्या अवस्थेतली पिल्ले काही खात नाहीत. ती रिकाम्या टरफलांभोवती घोळक्याने बसून राहतात. दुसरी कात टाकल्यावर ती पांगतात आणि मग त्यांना पकडणे अवघड होते. एकूण पाच वेळा कात टाकून, आपल्या हवेत अंड्यापासून महिना-सव्वा महिन्यात नवा प्रौढ तयार होतो.

म्हणून दर चार दिवसांनी पाने उलटून पाहावीत. मी सकाळी सातच्या आत हे काम करतो. त्या वेळी हवेत गारवा असतो, ढेकूण सुस्त असतात आणि उडून न जाता खाली पडतात. डाव्या हातात साबणाच्या पाण्याचे भांडे फांदीखाली धरायचे आणि उजव्या हाताने फांदी हलवायची. दुपारी हेच करायला गेलो तर निम्मे उडून जातात. वीस-पंचवीस कुंड्यांची गच्ची पंधरा मिनिटांत पाहून होते.

पुंजका खुडण्यापूर्वी त्याचा रंग नीट पाहावा. अंडी काळी किंवा गडद राखाडी झाली असतील तर ते पान तसेच ठेवावे. आत ढेकणाचे पिल्लू नसून, ढेकणाच्या अंड्यात आपले अंडे घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीची संतती वाढत असते. मुंगीपेक्षाही लहान असलेली ही माशी माणसाला चावत नाही, पण ती तुमच्या बागेत स्थिरावली तर तुमचे अर्धे काम ती करते. तिच्या प्रौढांना मध हवा असतो, म्हणून एखाद्या कुंडीतली कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप न खुडता फुलू द्यावी. ती लहान छत्रीसारखी फुले तिच्या तोंडाला नेमकी पुरतात.

निंबोळी अर्क कसा करावा आणि त्याचा किती भरवसा धरावा?

शेतासाठी ५ टक्के निंबोळी अर्काचे प्रमाण १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पूड असे आहे. घरासाठी हेच प्रमाण लिटरला ५० ग्रॅम होते. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली पडलेल्या पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात. लागेल तेवढ्याच बिया कुटाव्यात, पूड फडक्यात सैल बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी पोटली पांढरट पाणी निघेपर्यंत पिळावी, गाळून उरलेले पाणी मिसळावे आणि लिटरला २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. अर्क त्याच दिवशी वापरावा. फवारणी संध्याकाळी करावी, कारण निंबोळीतील अझाडिरेक्टिन हे मुख्य द्रव्य उन्हात लवकर नष्ट होते. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे.

आता भरवशाविषयी. हा अर्क ढेकणाला जागच्या जागी मारत नाही. त्याने खाणे मंदावते आणि पिल्लांचे कात टाकणे बिघडते. म्हणून पिल्लांवर तो चांगला चालतो, प्रौढांवर फारसा नाही. फवारून दुसऱ्या दिवशी "काहीच झाले नाही" म्हणून तीव्रता दुप्पट करणे ही चूक मी पूर्वी केली आहे. त्याच सुमारास एका दुकानातून आणलेले कडूलिंबाचे तेल साबणात नीट न मिसळता भर दुपारी फवारले आणि टोमॅटोच्या कोवळ्या शेंड्यांची पाने दोन दिवसांत तपकिरी पडली. तेल वापरायचे तर लिटरला ३ ते ५ मिलिलिटर, आधी साबणाच्या थोड्या पाण्यात दुधासारखे होईपर्यंत घुसळून, आणि एका फांदीवर चाचणी घेऊन मगच सगळीकडे. आठ ते दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. मध्ये जोराचा पाऊस झाला तर ती लवकर करावी लागते.

राख, चिनी माती, साबणाचे पाणी, दशपर्णी अर्क यांचे काय?

साबणाचे पाणी अंगावर पडले तरच पिल्ले मरतात. पानावर वाळलेल्या साबणाचा काही उपयोग नाही. चुलीची राख आणि चिनी मातीचा पातळ थर फळावर बसला तर ढेकणाला बसणे व टोचणे गैरसोयीचे होते, मात्र कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे एका सरीत धुऊन जाते, म्हणून नोव्हेंबरनंतरच्या टोमॅटोवर त्याचा विचार करावा.

दशपर्णी अर्काविषयी थोडे सावध राहावे. त्याची कृती गावोगाव वेगळी असते, त्यामुळे तीव्रता ठरलेली नसते, आणि त्यात धोतरा, रुई, कण्हेर अशी विषारी पाने पडतात. शेतात जाणत्या माणसाने वापरणे वेगळे आणि चार दिवसांत ताटात येणाऱ्या मेथी-कोथिंबिरीवर मारणे वेगळे. गच्चीवरच्या भाजीसाठी मी तो वापरत नाही.

जाळी किंवा सापळा उपयोगी पडतो का?

जाळी फार उपयोगी पडते. वाफ्यावर किंवा कुंड्यांच्या रांगेवर वेताच्या किंवा पाइपच्या कमानी करून त्यावर मच्छरदाणीचे कापड टाकावे आणि कडा विटांनी दाबाव्यात. टोमॅटो, मिरची, वरणा, चवळी यांना फळधारणेसाठी मधमाशीची फारशी गरज नसते, त्यामुळे जाळी कायम ठेवता येते. वेलभाज्यांचे तसे नाही. काकडी आणि कारल्यासाठी सकाळी जाळी काढावी लागते. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा त्याचा हिशेब उलटा. जाळी टाकण्यापूर्वी आत अंडी नाहीत याची खात्री करावी, नाहीतर ढेकणांना आपणच सुरक्षित घर बांधून दिल्यासारखे होते.

सापळ्याची एक साधी पद्धत अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासली होती : उथळ तबकात साबणाचे पाणी आणि त्यावर दिवा. बाजारातल्या महागड्या सापळ्यांपेक्षा तिने कितीतरी अधिक ढेकूण पकडले. ती चाचणी घरातल्या ढेकणांवर होती. आपल्याकडे परात आणि टेबल लॅम्प यांवर हे होते. परात खोलीच्या कोपऱ्यात ठेवावी, बाकीचे दिवे बंद करावेत, आणि दिव्याची वायर पाण्यापासून दूर राहील असे पक्के बांधावे. हा सापळा गॅलरीत मात्र लावू नये; बाहेरचा उजेड शेजारच्या शेतातलेही किडे बोलावून आणतो आणि त्यात उपयोगी कीटकही मरतात.

सापळा पीक म्हणजे काय आणि गच्चीवर ते जमेल का?

ढेकणाला अधिक आवडणारे पीक मुख्य पिकाच्या कडेला लावून त्याला तिकडे गुंतवणे, म्हणजे सापळा पीक. ज्वारीची कणसे आणि सूर्यफूल यांकडे ढेकूण चांगले ओढले जातात. चवळीही त्यांना आवडते. परसबागेत कडेला ज्वारीची एक ओळ पुरते, गच्चीवर टोकाच्या दोन मोठ्या कुंड्यांत सूर्यफूल. अट एकच, त्या झाडांवर जमलेले ढेकूण दर दोन-तीन दिवसांनी साबणाच्या पाण्यात झाडले पाहिजेत. ते न केल्यास दाणे वाळताच सगळी फौज टोमॅटोकडे वळते.

तणाचेही असेच आहे. कुंपणाकडचा एरंड, बी धरलेला माठ आणि तांदुळजा हे ढेकणांचे माहेरघर असते. ते बी धरण्यापूर्वीच काढावे. ऐन फळांच्या दिवसांत एकदम साफ केले तर त्यावरचे ढेकूण भाजीवर येतात.

सगळेच ढेकूण मारावेत का?

नाही. ढेकणांच्या याच कुटुंबात काही शिकारी जाती आहेत. खांद्यांवर टोकदार काटे असलेला एक तपकिरी ढेकूण, शास्त्रीय नाव इओकँथेकोना फर्सेलाटा, पाने खाणाऱ्या अळ्यांना सोंडेने भोसकून शोषतो. एकदा वरण्याच्या वेलावर मी त्याला स्वतःपेक्षा दुप्पट लांब अळी सोंडेच्या टोकावर लटकवून उलटे चालताना पाहिले; अळी अजून वळवळत होती. ओळखण्याची खूण सोंडेतच आहे. रस शोषणाऱ्यांची सोंड बारीक आणि पोटाला चिकटलेली असते, शिकाऱ्याची जाड असते आणि तो ती सहज पुढे काढतो. शंका असेल तर दहा मिनिटे बघत राहावे, तो शेंगेला टोचतो की अळीला, हे कळून येते.

टोचलेले टोमॅटो खावेत का?

खावेत. डागाचा भाग कापून टाकावा. ढेकणाच्या टोचण्याने फळ विषारी होत नाही; मात्र त्या छिद्रातून बुरशी शिरून फळ लवकर नासते, म्हणून अशी फळे आधी संपवावीत.

आमच्या घराला लागूनच शेत आहे. आम्ही कितीही केले तरी ते येतच राहतात. काय करावे?

सोयाबीन निघाल्यानंतरचे दोन-तीन आठवडे ढेकूण येणारच, हे धरून चालावे. या काळात बाहेरचे दिवे कमीत कमी ठेवावेत, बागेवर जाळी टाकावी आणि अंड्यांवर नजर ठेवावी. शेतमालकाशी बोलून काढणीचा दिवस विचारून घेतला तर जाळी आदल्या दिवशी टाकता येते. आमचे शेजारी आता स्वतःहून सांगतात, "दादा, उद्या मशीन लागणार हाय, खिडक्या लावा."

किडा ओळखता आला नाही तर कोणाला दाखवावा?

काचेच्या लहान बाटलीत किडा जिवंत ठेवावा, सोबत टोचलेली शेंग किंवा पान ठेवावे, आणि कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावा. फोटो काढायचा असेल तर पाठीचा एक आणि सोंड दिसेल असा पोटाच्या बाजूचा एक, असे दोन काढावेत. बाटलीला टाचणीने दोन-चार भोके पाडावीत आणि रस्त्यात ती हलवू नये. नाहीतर झाकण उघडताक्षणी त्या खोलीतल्या सगळ्यांना तो कोणता कीटक आहे हे न पाहताच कळेल.